दोन ब्रेकची गाडी

सोमवार, ४ फेब्रुवारी

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "बोलत नाहीस, तर निदान लिही." मी बोलतो. आज सकाळीच दूधवाल्याशी बोललो. पण घरात वाद नको म्हणून लिहायला घेतलं.

माझे वडील जाऊन आज सतरा दिवस झाले. त्यांना सगळे अण्णा म्हणत, आम्हीही. वय एकाहत्तर. कारण हृदय. इस्पितळात शेवटच्या संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "इंजिन उघडावं लागेल, की नुसतं ढकलून चालू होईल?" डॉक्टर हसले. आई हसली. मी हसलो नाही. प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

अण्णांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. घराच्या पुढची खोली, एक फळा आणि एक गाडी, एवढ्यावर त्यांनी ते चौतीस वर्षं चालवलं. गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. म्हणजे अण्णा गाडी धडकू नये म्हणून बसायचे आणि मी धडकल्यावर जातो. आमच्या धंद्यांत एवढंच नातं.

ते गेले तेव्हा तीन विद्यार्थी अर्धवट होते. एक शिंपी, एक नर्स आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. तिघांची परीक्षा २८ तारखेला आहे. बावीस वर्षांपूर्वी अण्णांनी गळ घालून मला प्रशिक्षकाचा परवाना काढायला लावला होता. मी तो एकदाही वापरला नाही. काल कपाटात बघितलं, तर त्याची मुदत अजून तीन वर्षं आहे. दर वेळी माझ्या सह्या घेऊन तेच नूतनीकरण करून आणत असत. मी कशावर सही करतोय ते वाचत नसे. हा निष्काळजीपणा माझा.

चार आठवड्यांची रजा काढली आहे. मी आणि बायको महिनाभर आईकडेच राहणार. तिघांना परीक्षेपर्यंत पोचवायचं, मग शाळा बंद. बसस्टँडसमोरचे ड्रायव्हिंग स्कूलवाले गाडी घ्यायला तयार आहेत.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पहिला दिवस. सकाळी साडेसहाला शिंपी आला. अंतर त्याला इंचात कळतं. दोन गाड्यांच्या मध्ये त्याने गाडी अशी लावली की मी उतरून मोजून पाहिलं. दोन्हीकडे सारखं. पण पुढे जायची वेळ आली की तो पायी चालणाऱ्यांच्या मागे राहतो. मी त्याला वेग वाढवायला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, कापायच्या आधी दहा वेळा मोजायची सवय आहे."

खोलीत फळ्याशेजारी अण्णांनी गिअरचा तक्ता रंगवून घेतला आहे. पहिला गिअर मामा: जोर फार, वेग नाही. दुसरा काकू: चढावर हिचीच आठवण होते. तिसरा मोठा जावई: गावात एवढा पुरे. चौथा धाकटा भाऊ: रस्ता मोकळा असेल तरच भेटतो. रिव्हर्सला आत्या: मागचंच काढते. हा तक्ता मी उतरवणार होतो, कारण आत्या हयात आहेत. आई म्हणाली, त्यांनी तो पाहिलेला आहे. "आत्या" हा शब्द बारीक अक्षरात होता, तो त्यांनीच मोठा करायला लावला म्हणे.

गाडीत एक दोष सापडला. शिकवणाऱ्याचं सीट फार पुढे आहे आणि मागे सरकत नाही. अण्णा माझ्यापेक्षा वीतभर बुटके. माझे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. गॅरेजवाल्याला दाखवायला हवं.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

नर्स गाडी चांगली चालवते. फक्त मागून रुग्णवाहिकेचा आवाज आला की स्टिअरिंग सोडून उतरायला बघते.

आज सिग्नलला थांबलो असताना ती एकदम म्हणाली, "तुम्हीच न्यूट्रल ना?"

मी म्हणालो, "काय?"

"अण्णांनी सगळ्या घराला गिअर वाटून दिलेत. मी विचारलं होतं, तुमचा मुलगा कुठला? म्हणाले, तो न्यूट्रल." मग तिला वाटलं असावं की आपण चुकीचं बोललो. घाईघाईने म्हणाली, "वाईट अर्थाने नाही हं. ते म्हणायचे, कुठलाही गिअर बदलायचा तर न्यूट्रलमधूनच जावं लागतं. तो नसेल तर घरातले सगळे एकमेकांवर घासतील."

गिअरपेटीच्या दृष्टीने हे बरोबर आहे. मी तिला तसं सांगितलं. सिग्नल हिरवा झालेला आम्हा दोघांच्याही लक्षात आला नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. चूक शिकवणाऱ्याची धरावी.

सोमवार, ११ फेब्रुवारी

एक गोष्ट लक्षात आली. तिघांनाही मी कुठल्याही रस्त्याने न्यायला सांगितलं, तरी परतताना ते आपोआप आमच्या मागच्या गल्लीत वळतात. तिथे गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी करतात, दोनदा हॉर्न वाजवतात आणि माझ्याकडे बघतात.

हा प्रकार मला माहीत आहे. अण्णा रोज, दर विद्यार्थ्याबरोबर, खिडकीखाली गाडी थांबवून ओरडायचे, "बाई, खोली रिकामी आहे का?" आई आतून म्हणायची, "माणूस बघून सांगते!" कधी म्हणायची, "आधीचा भाडेकरू निघता निघत नाही!" कधी खिडकीतून बटाट्याची सालं फेकायची. दिवसातून सहा-सात वेळा. मी दहावीत असताना अभ्यासात व्यत्यय येतो म्हणून तक्रार केली होती. त्यावर अण्णांनी आठवडाभर हॉर्नऐवजी शीळ घातली.

गल्ली अरुंद आहे, तिथे वळायला चार मिनिटं जातात आणि विनाकारण हॉर्न वाजवणं नियमाविरुद्ध आहे. आजपासून परतीचा रस्ता बदलला. बाजारपेठेतून, सरळ. तिघांनाही स्पष्ट सांगितलं. शिंपी म्हणाला, "बरं." नर्सने मान हलवली. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तू लहानपणापासून असाच आहेस का?" मी हो म्हणालो.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आईचं काहीतरी बिनसलंय. काल आमटीत मीठ नव्हतं, आज दोनदा पडलं. ओट्यापाशी उभी राहते आणि हातातलं काम विसरते. बायको म्हणाली, "रस्ता बदललास ना, म्हणून." रस्त्याचा आणि मिठाचा संबंध मला लागला नाही.

आईला डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब ठीक, साखर ठीक. डॉक्टरांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. रोज एक, जेवणानंतर. डबीवर मी वेळ लिहून ठेवली आहे.

शनिवार, १६ फेब्रुवारी

मुख्याध्यापिकाबाईंबद्दल लिहायला हवं. वय त्रेसष्ट. चार वेळा नापास. हात चांगला, नजर चांगली, अडचण एकच: रस्त्यावरच्या पाट्या. बाईंनी पस्तीस वर्षं भाषा शिकवली. गाडी चालवताना त्यांना प्रत्येक दुकानाच्या पाटीवरचं शुद्धलेखन दिसतं. आज चौकात मधोमध ब्रेक दाबून म्हणाल्या, "'दुरुस्ती'तला 'दु' दीर्घ! दुरुस्ती करणाऱ्याच्याच दारावर!" मागचा रिक्षावाला जे बोलला ते शुद्ध होतं, पण लिहिण्याजोगं नाही.

पहिल्या परीक्षेत त्यांनी परीक्षकांच्या छापील फॉर्मवर लाल पेनाने दोन खुणा केल्या होत्या.

मी म्हणालो, "बाई, पाट्या वाचू नका."

त्या म्हणाल्या, "अण्णा असं नाही सांगायचे. ते म्हणायचे, वाचा, पण मनात. आणि न थांबता मोजा. शेवटी आकडा मला सांगा. माझ्या मनातल्या आकड्याशी जुळला तर तुम्ही पास."

"आणि त्यांचा आकडा काय असायचा?"

"आधी मी सांगायचे. मग ते म्हणायचे, अगदी तोच."

ही पद्धत शास्त्रशुद्ध नाही. तरी परतताना वापरून पाहिली. बाजारपेठेत बाई एकदाही थांबल्या नाहीत. त्रेचाळीस, म्हणाल्या. मी म्हणालो, "माझ्या एकेचाळीस झाल्या." त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तू खरंच मोजल्यास?"

सोमवार, १८ फेब्रुवारी

आज बाईंनी सूचना मोडली. मी डावीकडे म्हणालो, त्या उजवीकडे वळल्या आणि थेट मागच्या गल्लीत शिरल्या. मला ब्रेक दाबता आला असता. पाय ब्रेकवर होताही. दाबला का नाही, हे सांगता येत नाही. गुडघे अडकलेले असल्यामुळे असावं.

खिडकीखाली त्यांनी गाडी उभी केली. दोनदा हॉर्न दिला. काच खाली केली आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, खोली रिकामी आहे का?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग आई खिडकीत आली. हाताला पीठ होतं. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"आहे," आई म्हणाली. "पण भाड्याने द्यायची नाही."

मग तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मग हसली, आणि म्हणाली, "आणि ही गाडी लावायची जागा झाली का? हलवा!"

बाईंनी गाडी हलवली. मी त्यांना नियमाची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "लिहून दे."

बुधवार, २० फेब्रुवारी

आईची तब्येत सुधारली. मीठ बरोबर पडतंय. काल संध्याकाळी शिंपी खिडकीखालून गेला तेव्हा ती "कपडे शिवा, गाडी राहू द्या" असं ओरडली. सहाच दिवसांत इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. गोळ्यांचा गुण आला. डॉक्टरांना फोन करून आभार मानले आणि अजून एक डबी आणली. जुनी डबी कपाटात सापडली. तिच्यातल्या एकाही गोळीला हात लागलेला नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "तुझं लक्ष असतं, तेवढं पुरतं मला."

परतीचा रस्ता पूर्वीचाच ठेवला आहे. बाजारपेठेत गटाराचं खोदकाम निघालं आहे. निघणार आहे, असं ऐकलं.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याला सीट दाखवलं. त्याने खाली हात घातला, एका बोटाने दांडी उचलली आणि सीट सपकन मागे गेलं.

"यात काय बिघाड होता?" तो म्हणाला.

मी बसून पाहिलं. पाय लांब झाले. समोरची काच फार दूर वाटली. उजवा हात नेहमीच्या जागी टेकेना. त्या जागी सीटच्या कडेचं कापड झिजून गुळगुळीत झालं आहे.

मी त्याला सीट परत पुढे करायला सांगितलं. तो म्हणाला, "गुडघे टेकतात ना तुमचे?"

मी म्हणालो, "आता सवय झाली. परीक्षा जवळ आलीय, मध्येच बदल नको."

त्याने केलं. मजुरी घेतली नाही. म्हणाला, "गाडी शिकलो ते अण्णांकडेच. पहिल्याच दिवशी मी त्यांची गाडी कुंपणात घातली. ते म्हणाले, चला, आजचा धडा पार्किंगचा."

सोमवार, २५ फेब्रुवारी

बाई आज पाच मिनिटं उशिरा आल्या. असं कधी होत नाही. पट्टा न बांधताच त्या चावीला हात घालू लागल्या. मी गाडी सुरू करू नका म्हणालो.

"काल यांनी फाटकाच्या खांबाला गाडी घातली," त्या म्हणाल्या. हे म्हणजे त्यांचे यजमान, वय बहात्तर. डोळ्यांच्या मागचा पडदा खराब आहे. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. "ते म्हणतात खांब पुढे आला. मागच्या आठवड्यात शेजारची लहान मुलगी सायकलवर होती. थोडक्यात वाचली. तिलाही हे दोष देतात. मी चावी मागितली तर म्हणाले, तुला येत नाही आणि मी चालवायची नाही, मग गाडी काय अंगणात पुजायची? आधी पास होऊन दाखव."

मी हँडब्रेक ओढून ठेवला.

"म्हणून शिकतेय मी. हौस नाही मला. अण्णांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी चौथ्यांदा नापास झाले तेव्हा ते स्वतः घरी आले, यांच्याशी तासभर पत्ते खेळले, मुद्दाम सगळे डाव हरले, आणि जिंकल्याच्या आनंदात असताना चावी मागितली."

"दिली?"

"नाही. पण महिनाभर गाडी बाहेर काढली नाही. तो महिना संपून पंधरा दिवस झाले."

कामाच्या निमित्ताने मी अशा प्रकरणांचे फोटो बघतो. सायकलीचेही असतात. तेवढंच मी त्यांना सांगितलं. मग आम्ही तासाऐवजी तीन तास चालवली. पाट्या मोजल्या नाहीत. उतरताना त्या म्हणाल्या, "आज तू ब्रेकवर पाय ठेवला नव्हतास." माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

परीक्षा. घडलं ते क्रमाने लिहितो.

शिंपी पास. परीक्षकांनी वेगाबद्दल ताकीद दिली: वाढवावा. नर्स पास.

परीक्षक उंच, हडकुळे, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. एकवीस वर्षं हेच काम करतात. परीक्षेच्या वेळी ते शिकवणाऱ्याच्या जागी बसतात आणि शिकवणारा मागे. तिसऱ्या फेरीला बाई चालवायला बसल्या, परीक्षक शेजारी, मी मागे. बाईंनी आरसा नीट केला, पट्टा बांधला. परीक्षक चला म्हणेनात. हातात फॉर्म धरून समोर बघत बसले.

बाई म्हणाल्या, "निघायचं?"

"एक मिनिट," परीक्षक म्हणाले. "इथे ते काहीतरी म्हणायचे."

"कोण?"

"अण्णा. मी गाडीत बसलो की मागून म्हणायचे, 'साहेब, पट्टा घट्ट बांधा, यांना मी शिकवलंय.' दर परीक्षेला. एकवीस वर्षं." त्यांनी फॉर्म सरळ केला. "मी कधी हसलो नाही. कामावर असताना हसता येत नाही, पक्षपात वाटतो. म्हटलं होतं, निवृत्तीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन एकदाच सगळं हसून घेईन. दोन वर्षं राहिली होती." मग म्हणाले, "चला. डावीकडे."

गाडी निघाली. बाई उत्तम चालवत होत्या. मी मागे बसून मनात हिशेब केला: एकवीस वर्षं, महिन्यातून एक दिवस, दिवसाला दोन-तीन फेऱ्या. म्हणजे सहाशेच्या आसपास हसणी परीक्षकांच्या पोटात साठलेली. आणि त्यांचं वरचं बटण लावलेलं.

तेव्हा मला हसू आलं. आधी नाकातून आवाज आला. मी तो खोकल्यात घातला. मग तो खोकल्यात मावेना. गेले सहा आठवडे मी हसलो नव्हतो, असं बायकोचं म्हणणं आहे. त्याआधीचं तिला आठवत नाही. मी पुढच्या सीटला डोकं टेकवलं आणि हसत राहिलो. हसताना डोळ्यांतून पाणी येतं हे मला माहीत आहे. हसणं थांबल्यावरही ते येत राहतं हे माहीत नव्हतं. आवाजही येत होता. तो माझाच असावा, कारण गाडीत आम्ही तिघंच होतो.

परीक्षक म्हणाले, "गाडी बाजूला घ्या."

रस्ता भरलेला होता. मागे बस होती. बाईंनी आरसा पाहिला, इशारा दिला, वेग उतरवला, बसला जाऊ दिलं, आणि गाडी पदपथालगत अशी थांबवली की धक्कासुद्धा लागला नाही. न्यूट्रल. हँडब्रेक. मग मागे वळून माझ्या डोक्यावर हात ठेवला. पन्नाशीला आलेल्या माणसाच्या डोक्यावर भर रस्त्यात असा हात ठेवतात का, मला माहीत नाही. मी तो काढला नाही.

परीक्षकांनी इस्त्री केलेला रुमाल मागे दिला. खिडकीबाहेर बघत होते. गाडी दहा मिनिटं तिथेच उभी होती. गाडीला लागून एका दुकानाची पाटी होती, तिच्यात तीन चुका होत्या. बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

फॉर्मवर परीक्षकांनी लिहिलं: "आकस्मिक प्रसंगी वाहन शांतपणे व सुरक्षित थांबवले. उत्तीर्ण."

घरी आल्यावर आईला सगळं क्रमाने सांगितलं. तिने मध्येच विचारलं, "मग परीक्षक हसले का?"

"नाही."

"दोन वर्षं आहेत म्हणालास ना त्यांना," आई म्हणाली, आणि कणीक मळत राहिली.

शनिवार, २ मार्च

सकाळी बाई स्वतःची गाडी घेऊन आल्या. शेजारी यजमान बसले होते. खांबाचा पोचा पुढच्या दाराला तसाच आहे. मी खिडकीशी गेलो तर यजमान म्हणाले, "चावी मी आपणहून दिली. पण ही वळताना फार सावकाश वळते, हे तुम्ही तिला सांगा." बाई म्हणाल्या, "सायकलवाली मुलगी रस्ता ओलांडत होती." त्यांनी मान वळवून मागचा रस्ता बघितला. मग म्हणाले, "मला दिसली नाही." त्यांनी हे आधी कधी कबूल केलं नव्हतं, असं बाईंच्या चेहऱ्यावरून वाटलं. त्यांनी गिअर टाकला आणि गेल्या. सावकाशच वळल्या.

दहा वाजता बसस्टँडसमोरचे ड्रायव्हिंग स्कूलवाले गाडी न्यायला आले. मी त्यांना सांगितलं की सीटमध्ये दोष आहे, अशी गाडी विकणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. ते म्हणाले, चालेल. मी म्हणालो, मला चालणार नाही.

ते गेल्यावर खोली आवरत होतो. तेवढ्यात कोपऱ्यावरचे बेकरीवाले आत आले. गाडी शिकायची आहे म्हणाले, वय पन्नास, आजवर सायकलखेरीज काही चालवलेलं नाही. शाळा बंद झाली हे मी सांगणार होतो. पण ते आधीच खुर्चीवर बसले होते आणि तक्ता वाचत होते.

"किती दिवसांत येईल मला?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणालो, "आधी कोण शिकतं, तुम्ही की मी, त्यावर आहे."

बेकरीवाले हसले. साधे नाही, खुर्ची मागे कलंडेपर्यंत, मांडीवर थापा मारत, डोळे पुसत. मी वस्तुस्थिती सांगितली होती. आतून आईच्या पावलांचा आवाज आला, एरवी ती इतक्या भराभर चालत नाही. ओल्या हातांनी ती दारात येऊन थबकली. तिने हसणाऱ्या बेकरीवाल्यांकडे पाहिलं, मग टेबलामागे कोण बसलंय ते पाहिलं, आणि माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "चहा टाकते."